चार पंख्यांच्या विमानांचा माणूस

सांगलीत मी राहत होते तेव्हा नवीन ओळख झालेली प्रत्येक बाई मला विचारायची, "तुमचे मालक काय करतात?" मी म्हणायचे, "विमान कंपनीत आहेत." तिचे डोळे मोठे व्हायचे. "चालवतात?" "नाही, दुरुस्त करतात." मग डोळे पुन्हा होते तेवढे व्हायचे आणि पुढचा प्रश्न यायचा, "मग तुम्ही इथं एकट्या कशा?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते फार लांबलचक होतं. विमानांच्या किती जाती ठेवायच्या याचा विचार मुंबईतली एक कंपनी करते आहे आणि त्यावर माझा संसार अडलाय, असं सांगितलं असतं तर त्या बाईनं मला वेड्यात काढलं असतं. म्हणून मी म्हणायचे, "नोकरी आहे ना माझी इथं."

नोकरी होतीच. मुलींच्या प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवायचे. ट्रेनिंग साताऱ्याला झालं, नेमणूक सांगलीला मिळाली. लग्न सत्तावन्न सालचं, पांढऱ्या साडीत, बुद्धवंदना म्हणून. आमच्या दोन्ही घरांत त्या पद्धतीनं झालेलं ते पहिलंच लग्न, त्यामुळे म्हातारी माणसं मधेच थांबून एकमेकांना विचारत होती, आता पुढं काय करायचं असतं. आमचे हे माणातल्या, म्हसवडकडच्या एका खेड्यातले. सासरे मोठ्या लढाईत पलटणीत होते. मुलाला त्यांनी हवाई दलाच्या कारखान्यात धाडलं, तिथं इंजिनाचं काम शिकून हे मुंबईच्या विमान कंपनीत लागले. सांताक्रूझजवळ एका खोलीत सहा फिटर राहायचे. तिथं सातवं माणूस, त्यातून बायको, कुठं मावणार?

मला तरी सांगलीत खोली कुठं सहज मिळाली! खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की जागच्या जागी भरायची. मी संतापून परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत जायचे. शेवटी मिरजेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी खणभागातली आपली मागची खोली दिली. आडनाव त्यांनी विचारलंच नाही. रेडिओ मोठ्यानं लावायचा नाही, एवढी एकच अट घातली. माझ्याकडे रेडिओ नव्हताच.

हे वर्षातून तीनचारदा यायचे. पुण्याला गाडी बदलून मिरजेला उतरायचे आणि तिथून सांगलीला. येताना विमानातल्या साखरेच्या पुड्या आणि बोटभर साबणाच्या वड्या आणायचे. मी त्या वर्गातल्या मुलींना वाटायचे. मुलींना वाटायचं, बाईंचा नवरा आभाळात राहतो. मला कधीकधी तसंच वाटायचं.

एकदा माझा स्टो बिघडला. मी तसं कळवलं होतं, म्हणून ह्यांनी मुंबईहून वायसर आणि बर्नर आणला. दोन्ही बसेनात. ह्यांनी आपल्या मुंबईच्या स्टोच्या मापानं आणलं होतं आणि माझा स्टो दुसऱ्या कारखान्याचा. मला हसू आवरेना. "अख्खं विमान उघडता म्हणे, आणि बायकोचा स्टो पेटवता येत नाही!" हे आधी चिडले. मग उंबऱ्यावर बसले, वायसर आणि बर्नर तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "हसू नगंस. आमच्या कंपनीचं असंच झालंय."

त्या दिवशी मला पहिल्यांदा सगळं नीट कळलं. कंपनीकडे तेव्हा तीन जातींची विमानं होती. "एकाचा पार्ट दुसऱ्याला बसत न्हाई," हे सांगत होते. "मद्रासला एक विमान बंद पडलं. शेजारी दुसरं उभं हाय, पर त्येच्यातलं काडून ह्येला लावता येत न्हाई, कारण जात येगळी. तीन कोठारं, तीन तऱ्हेची हत्यारं, तीन तऱ्हेची माणसं. पायलट आजारी पडला तर दुसऱ्या जातीचा पायलट त्येच्या जागी बसत न्हाई. आमचंबी तसंच. माझ्या लायसनवर चार पंख्याच्या विमानाचं नाव हाय. त्येच मी तपासायचं आन् सही करायची, मग त्ये उडणार. दुसऱ्याला मी लई झालं तर फडकं मारीन, सही न्हाई करता यायची."

"मग एकच जात ठेवावी की," मी म्हटलं.

"ठेवावी. साहेब लोकबी त्येच म्हणत्यात. पर त्यातबी एक हाय. एकात खोड निघाली तर ती समद्यात असणार. मग समदी एकदम जमिनीवर. मिसळीची असली तर निम्मी तरी उडत ऱ्हात्यात."

मला दोन्ही बाजू पटल्या, आणि राग आला. एवढी मोठी कंपनी, तिच्याकडे पायलट आहेत, साहेब आहेत, देशोदेशी हपिसं आहेत, ती तीनावरून एकावर यायचा विचार करते. आणि आम्ही दोनच माणसं. दोन गावं, दोन स्टो, दोन तवे, आणि एकाचं दुसऱ्याला काही बसत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. हे हसले. मी मात्र हसले नाही. मला एका घरात राहायचं होतं. दुसरी कसलीही हौस मला नव्हती.

एकट्या बाईचा दिवस तसा निघून जातो. शाळा असते, मुलींची भांडणं असतात, तपासायच्या वह्या असतात. त्रास होतो तो परत आल्यावर. एकीसाठी भाकरी थापायची म्हणजे तवा तापेपर्यंत काम संपलेलं असतं. जेवताना बोलायला कुणी नाही, म्हणून मी फार भरभर जेवायला लागले. रविवारी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचे. तिथं धुणं धुणाऱ्या बायका एकमेकींच्या नवऱ्यांना मनसोक्त नावं ठेवायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. नावं ठेवायची तर माणूस रोज समोर लागतो. माझा तीन महिन्यांनी चार दिवस यायचा, त्यात काय नावं ठेवणार?

एकसष्टच्या एप्रिलमध्ये हे जयंतीला जोडून रजा काढून आले ते बातमी घेऊनच. कंपनीचं ठरलं होतं. पंख्यांची सगळी विमानं काढून टाकायची आणि फक्त नवी, बिनपंख्यांची जेट ठेवायची. जुन्या माणसांपैकी काहींना निवडून नव्या विमानाचं शिक्षण देणार होते. ह्यांचं नाव त्या यादीत होतं. शिक्षण झालं की नवं लायसन आणि राहायला कंपनीचं क्वार्टर.

क्वार्टर म्हटल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. शाळेतल्या मोठ्या बाईंना मी तोंडी सांगून टाकलं की जूनपासून येणार नाही. त्या म्हणाल्या, "कागद सुट्टी संपल्यावर द्या, घाई काय आहे?" मला ती शंका वाटली, आणि मी मनातल्या मनात त्यांच्यावर रागावले. स्टो नर्सबाईंना देऊन टाकला. त्या खोलीची किल्ली घ्यायला तयार नव्हत्या. "मुंबईत खरंच पाय ठेवलास की मग दे," म्हणाल्या. सगळ्या म्हाताऱ्या बायका सारख्याच, असं म्हणून मी किल्ली तशीच पिशवीत टाकली आणि सासरी माणात जाऊन ह्यांच्या बोलावण्याची वाट बघू लागले.

माणातला मे महिना. सावली म्हणून जी असते ती फक्त घराच्या आत. सासरे दिवसभर सोप्यात पडून मला चिडवायचे, "सूनबाई, मुंबैला गेल्यावर आमाला वळख दावशील का न्हाई?" मी म्हणायचे, "आवं मामंजी, तुमालाच विमानात बसवून नेते की." आम्हा दोघांचं बरं जमायचं. त्यांनाही एकदा मी लायसनची भानगड समजावून सांगितली होती. ते लगेच म्हणाले होते, "म्हंजे बैलावानी म्हण की. डाव्या अंगाला जुपल्याला बैल उजव्या अंगाला जुपला की गाडी रानात घालतुया." मी शाळेत इतकी वर्षं शिकवते, पण इतकं थोडक्यात मला कधी जमलं नाही.

एका दुपारी हे स्वतःच आले. न कळवता. हातात लहानशी बॅग. मला वाटलं, न्यायला आले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि आत जाऊन ट्रंक ओढायला लागले. सोप्यातून ह्यांचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे. बाहीर ये जरा."

ह्यांनी नाव काढून घेतलं होतं.

जुनी विमानं कलकत्त्याकडच्या एका लहान कंपनीनं विकत घेतली होती. ती कंपनी डोंगराळ भागात माल टाकायची. त्यांना विमानांबरोबर ती सांभाळणारी माणसंही हवी होती, आणि ह्यांनी त्यांना हो म्हटलं होतं.

"का?" मी विचारलं. सासऱ्यांसमोर मी ह्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"त्या नव्या इंजिनात हात घालायला जागाच न्हाई," हे म्हणाले. "डब्यात बंद केल्यागत. बिगडलं की अख्खं उतरायचं आन् दुसरं चडवायचं. कान लावून ऐकायचं काय त्यात? शिकून आलेल्या पोरांच्या हाताखाली मी बत्ती धरून उभा ऱ्हाणार. इतकी वरसं माझ्या सहीनं विमान उडलंय."

"आणि कलकत्त्याला?"

"तितं एकच जात हाय. चार पंख्याची. दुसरी जात घेनारच न्हाईत ती लोकं. म्हंजे मी हाय तवर मलाच इच्यारणार. तितली नोकरी पक्की बघ."

सासरे पडल्या जागी उठून बसले. "आरं, तुजं समदं झालं. सुनंचं काय?"

"जम बसला की खोली बघतो," हे म्हणाले. पण बघत होते ते अंगणाकडे.

माणूस खोटं बोलत नसतो, पण जे बोलतो ते होणार नाही हे त्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं, तसं ते बोलणं होतं. मी ट्रंक परत जागेवर ढकलली. रडले नाही, कारण मला फार राग आला होता आणि राग असेपर्यंत मला रडू येत नाही. जूनमध्ये सांगलीला परत गेले. किल्ली पिशवीतच होती. नर्सबाईंनी स्टो धुऊन पुसून माझ्या ओट्यावर आणून ठेवला आणि गेल्या. मग मी रडले.

कलकत्त्याकडून सांगली म्हणजे गाडीत काढलेले दिवस. रजा अशी मिळायची की निम्मी गाडीतच संपायची. हे आता वर्षातून एकदा यायला लागले. सीमेवरच्या लढाईनंतर तिकडं माल टाकायचं काम वाढलं, तेव्हा एक वर्ष तेही नाही. साबणाच्या वड्या बंद झाल्या, मालाच्या विमानात साबण कुठला? हे आले की पहिल्या दिवशी झोपायचे, दुसऱ्या दिवशी इंजिनांबद्दल बोलायचे, तिसऱ्या दिवशी माणात वडिलांना भेटायला जायचे. तिथून परस्पर परत. खोली बघण्याचा विषय आधी मी काढायचे. पुढं काढणं सोडून दिलं.

मला एकटेपणाची चीड होती. कुणी म्हटलं, "तुम्ही किती धीराच्या!" की त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं. मी धीराची वगैरे नव्हते, मला दुसरा मार्ग नव्हता. तापानं फणफणले तर नर्सबाई पेज आणून द्यायच्या, पण मध्ये जाग आली की पाणी आपलं आपणच घ्यावं लागायचं. सांगलीवरून विमानं फारशी जात नसत. एकदा शाळेच्या मधल्या सुट्टीत एक गेलं, खूप उंचावरून, आणि मैदानावरच्या सगळ्या मुली वर बघायचं सोडून माझ्याकडे बघू लागल्या. मी हात हलवला. मुलींनी पण हलवला. ते कुणाचं होतं, कुठं चाललं होतं, मला काय माहीत.

मग हळूहळू ती चीडही कमी झाली. ते कधी झालं ते सांगता येणार नाही. खोलीत माझ्या वस्तूंची जागा ठरली, माझी चालण्याची वाट ठरली, माझा चहाचा कप ठरला. घाटावरच्या बायकांचा हेवा वाटेनासा झाला. कधी कधी तर त्यांच्या नवऱ्यांच्या तक्रारी ऐकून मनात यायचं, बरं आहे आपलं.

सदुसष्टच्या पावसाळ्यानंतर हे परत आले. एक ट्रंक, एक वळकटी. या वेळी परतीचं तिकीट नव्हतं.

काय झालं ते ह्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, नेहमीसारखं उंबऱ्यावर बसून. एका विमानाच्या पंखाच्या मुळाशी ह्यांना बारीक चीर दिसली. केसाएवढी. ह्यांनी सही केली नाही. एकात चीर सापडली म्हणजे बाकीची तपासायलाच हवीत, कारण सगळी एकाच जातीची, एकाच वयाची. ह्यांनीच एकेक करून तपासली, आणि सगळ्यांत चीर निघाली. विमानं जमिनीवर बसली ती बसलीच. पंख बदलायचे तर असे पंख आता कुठं बनत नव्हते. दुसऱ्या जातीचं एखादं विमान असतं तर कंपनीनं तेवढ्यावर कसंतरी ढकललं असतं. तसं नव्हतं. कंपनी मिटली.

"दिसली नसती तर?" मी विचारलं.

"दिसली की," हे म्हणाले.

मला ह्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. ह्यांच्या लायसनवर ज्या विमानाचं नाव होतं ते आता आमच्या देशात कुणीच उडवत नव्हतं, तिथं अभिमान सांगून काय करायचं? सांगलीतच शेतीपंपाची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं. सोमवारपासून जायचं होतं. म्हणजे आता आम्ही एका घरात राहणार होतो. दहा वर्षं मी जे मागत होते ते घरी चालत आलं होतं.

त्याआधीच्या गुरुवारी मी शाळेत जाताना वाटेत पेढे घेतले. मधल्या सुट्टीत सगळ्या बायकांना वाटले. "कशाचे?" "आमचे हे आलेत. आता कायमचे." मोठ्या बाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. मुलींनाही अर्धा अर्धा दिला. शाळा सुटेपर्यंत मी हसतच होते. ह्यांच्यासाठी दोन पेढे कागदात बांधून वेगळे ठेवले होते आणि घरी जाताना दर थोड्या वेळानं पिशवीत हात घालून बघत होते, चुरगळले तर नाहीत ना.

दाराशी आले, सवयीनं किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली. कुलूप उघडून हातात आलं तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं.

दार ढकललं. हे खाटेच्या कडेला बसले होते. सकाळी मी निघाले तेव्हा मोरीत अंघोळ करत होते. मी नेहमीसारखी चप्पल घातली, नेहमीसारखं दार ओढलं आणि बाहेरून कुलूप घालून गेले होते. दिवसभर ज्या माणसाचे पेढे वाटले तो माणूस माझ्या कुलपात होता.

"अहो, हाक का नाही मारली?" मी विचारलं. "नर्सबाई पुढंच असतात. त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे."

"मारणार हुतो," हे म्हणाले. ह्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मग म्हटलं, त्यास्नी कळंल."

"काय कळेल?"

"की तुज्या हातास्नी मी अजून ठावं न्हाई."

मी खाली बसले. कुलूप हातातच होतं. ते कुठं ठेवावं हे मला सुचेना. ओट्याकडे नजर गेली. स्टो सकाळी मी पुसून ठेवला होता तसाच होता. भाकरीची दुरडी तशीच झाकलेली होती, चहाचं भांडं पालथंच होतं.

"तुम्ही काही खाल्लं नाही? चहासुद्धा?"

हे उठले. वळकटी अजून सोडलेली नव्हती, ती पायात येत होती, तिला भिंतीकडे सरकवून ह्यांनी मला वाट करून दिली.

"तुजं डबं हायती," हे म्हणाले. "तुला न इच्यारता कसं उघडायचं?"